थॅलेसेमिया आणि उंदरातील बीसीएल ११ ए जनुक

मराठी वाचकांना १७६१ च्या रणसंग्रामामुळे परिचित असलेल्या पानिपतचे आजचे रूप मुख्यतः १९४७ च्या फाळणीने घडविले. पश्चिम पंजाबातून विस्थापित झालेली कुटुंबे येथे स्थायिक झाली आणि त्यांनी हातमाग व्यवसायाला नवे बळ दिले. पंजाबी आणि सिंधी समाजांत बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा अधिक आढळते. त्यामुळे पानिपतइतकाच हा प्रश्न महाराष्ट्रातील उल्हासनगरसारख्या शहरांचाही आहे.

वाहक व्यक्ती सहसा निरोगी असते. मात्र पती व पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्याला तीव्र थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा मुलाला साधारणपणे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि त्यातून शरीरात साचणारे लोह काढून टाकण्यासाठी आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात.

तरीही हे मूल जन्मतः सुदृढ दिसते. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनमध्ये अल्फा साखळीची जोडी गॅमा साखळीशी असते. गॅमाची जागा बीटा साखळी घेते ती जन्मानंतरच्या काही महिन्यांत. सदोष जनुकामुळे बीटा साखळी पुरेशी तयार झाली नाही, तर एकाकी उरलेल्या अल्फा साखळ्या तांबड्या पेशींचा नाश करतात. मग गॅमाची निर्मिती थांबविणारी यंत्रणाच रोखली तर? या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यात प्रयोगशाळेतील उंदराचा मोठा वाटा आहे.

बीसीएल ११ ए हे जनुक उंदीर आणि मानव या दोहोंत आहे. उंदरांतील रक्ताच्या कर्करोगाच्या अभ्यासात ते प्रथम ‘एव्ही ९’ या नावाने ओळखले गेले. या जनुकापासून बनणारे प्रथिन इतर जनुकांचे कार्य नियंत्रित करते. हे जनुक पूर्णपणे निकामी केलेल्या उंदरांत प्रतिपिंडे बनविणाऱ्या बी पेशी तयार होत नाहीत आणि ते जन्माच्या सुमारास मरतात, असे २००३ मध्ये दिसून आले. त्या वेळी हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध कोणाच्या ध्यानी नव्हता. २००८ मध्ये इटलीतील सार्डिनिया बेटावरील लोकसंख्येच्या जनुकीय अभ्यासातून तो पुढे आला.

येथे एक अडचण होती. उंदराला मानवासारखे स्वतंत्र गर्भकालीन हिमोग्लोबिन नसते. म्हणून मानवी ग्लोबिन जनुकांचा संपूर्ण समूह उंदरात बसवून प्रयोग करण्यात आले. बीसीएल ११ ए नसलेल्या उंदरांत गॅमा साखळीची निर्मिती बंद पडत नाही, हे २००९ मध्ये सिद्ध झाले. २०११ मध्ये सिकलसेलग्रस्त उंदरांच्या केवळ रक्तपेशींमधील हे जनुक निष्क्रिय करताच त्यांच्यातील रोगाची लक्षणे दूर झाली. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांच्या दृष्टीने या प्रयोगाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

परंतु जे जनुक बी पेशींना आणि मेंदूच्या विकासालाही आवश्यक आहे, ते सरसकट बंद करणे धोक्याचे ठरते. मानवात त्याची एक प्रत बिघडली तरी बौद्धिक विकास खुंटतो. तोडगा २०१३ मध्ये हाती आला. या जनुकातच, ते केवळ तांबड्या पेशींच्या वंशात सक्रिय ठेवणारा एक छोटा नियंत्रक भाग सापडला. रुग्णाच्या मूलपेशी बाहेर काढून क्रिस्पर तंत्राने नेमका हाच भाग छेदणारा ‘कॅसजेव्ही’ हा उपचार नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने मंजूर केला. अमेरिकेने थॅलेसेमियासाठी जानेवारी २०२४ मध्ये मान्यता दिली. अमेरिकेत जाहीर झालेली त्याची किंमत मात्र २२ लाख डॉलर होती. शिवाय त्याआधी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते.

साहजिकच, भारतात प्रतिबंध हाच सध्या व्यवहार्य मार्ग ठरतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी २०१७ पासून थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून साहाय्य मिळू लागले आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये या विकाराचा समावेश झाला. पण या दोन्ही तरतुदी मूल जन्मल्यानंतरच्या आहेत. वाहक ओळखण्यासाठी हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण मोजणारी रक्तचाचणी विवाहापूर्वी, निदान गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत तरी व्हावी लागते. स्त्री वाहक आढळल्यास पतीची तपासणी आणि दोघेही वाहक असल्यास गर्भाचे निदान, असा हा क्रम आहे.