पाऊस तेवढाच, मग नदी का आटली?

आधी एक गणित. 1 चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर 1 लिटर पाणी होतं. म्हणजे 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर 5000 लिटर! आता अख्ख्या खानदेशाचा हिशेब मांडा. वही पुरायची नाही.

मग हे सगळं पाणी तापी, गिरणा, पांझरेत का येत नाही? कारण काही पाण्याची वाफ होते, काही झाडं पितात, काही जमिनीत मुरतं. उरलेलं उतारावरून धावत सुटतं. त्याला म्हणतात अपधाव.

आपली काळी माती यात भारी गंमत करते. मे महिन्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस त्यांतून गटागट आत जातो. माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं पाणी वरच्यावर वाहतं. खाली पुन्हा काळा पाषाण, त्यातही पाणी सहज मुरत नाही!

त्यात आता हवा तापतेय. 1 अंशाने तापलेली हवा सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. त्यामुळे दोन दिवस रिमझिम पडायचा तो पाऊस कधी कधी तासाभरात कोसळतो. मातीला प्यायला सवडच मिळत नाही. नाल्याला पूर येतो आणि चार दिवसांत नाला कोरडा!

माणसांचाही हात आहेच. पांझरेवर जुने फड बंधारे आहेत. पावसाळा सरला तरी नदीला धार असायची. ती पाटाने शेतांच्या गटांना, म्हणजे फडांना, मिळायची आणि पाटकरी पाळीपाळीने पाणी सोडायचा. पुढे वर धरणं झाली, विहिरी-बोअर वाढले, धार बारीक झाली आणि बरेच फड मोडले.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने मात्र उलट वाट धरली. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी 1990च्या दशकात जंगल राखायला घेतलं, पाणी अडवायची कामं केली. (पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली.) जंगलात पावसाचा मार आधी पानं झेलतात, खालचा पाचोळा पाण्याचा वेग मोडतो आणि मुळांलगतच्या फटींतून ते आत उतरतं. तेच पाणी पुढे हळूहळू झऱ्यांतून बाहेर येतं.

न मुरता धावणारं पाणी किती माती सोबत नेतं, ते बघायचंय? यंदा जोराचा पाऊस ओसरला की मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि जवळच्या नाल्याचं पाणी काचेच्या बाटलीत भरा. बाटली रात्रभर हलवू नका. सकाळी तळाचा गाळ पट्टीने मोजा. मग दिवाळीत, नाला वाहत असेल तर, पुन्हा मोजा.