छाप कोणाची, गिऱ्हाईक कोण?

चळवळीच्या बैठकीत कपड्यांच्या धंद्याचा विषय काढला की पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. फॅशन हा सुखवस्तूंचा चाळा आहे, ब्रँड हा भांडवलदारांचा सापळा आहे, त्यात आपले काय काम, असे विचारले जाते. या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या कातडे कमावले आणि चपला शिवल्या, त्यांच्यातून आलेल्या लेखक-कार्यकर्त्यांनी हा विषय तुच्छ मानावा, हे मला पटत नाही. घडविणारा हात आमचा आणि वस्तूवरचे नाव दुसऱ्याचे, ही स्थिती नुसती व्यापारी नाही. ती सांस्कृतिक आहे. तेव्हा वस्त्राला ओळख कशी चिकटविली जाते, ती यंत्रणा आपण नीट समजून घेतली पाहिजे.

ब्रँड हा शब्द नवा, गोष्ट जुनी. आपल्याकडे तिला छाप म्हणत. बिडीचे बंडल, काडेपेटी, साबणाची वडी माणसे छाप पाहून घेत. ज्याला अक्षर येत नसे तोही चित्र ओळखी. अमेरिकेत लिव्हाय स्ट्रॉसच्या कंपनीने १८८६ साली आपल्या पँटच्या कंबरेवरील चामडी पट्टीवर एक चित्र उमटविले. दोन घोडे दोन बाजूंनी पँट ओढत आहेत आणि ती फाटत नाही. तिचे गिऱ्हाईक होते खाणीत आणि शेतावर राबणारे मजूर, आणि त्यांतल्या अनेकांना वाचता येत नव्हते. ते दुकानात जाऊन दोन घोड्यांची पँट मागत. त्या चित्राने एका दमात दोन गोष्टी सांगितल्या. कापड टिकाऊ आहे, आणि हे अंगमेहनत करणाऱ्या तुझ्यासाठी आहे. यातील क्रम लक्षात घेतला पाहिजे. आधी गिऱ्हाईक ठरले, मग त्याला कळेल असे चित्र आले. नाव, रंग, माप, किंमत, विक्रीची जागा, कोणाच्या अंगावर तो कपडा लोकांना दिसावा, या साऱ्या गोष्टी 'कोणासाठी' या एका प्रश्नाच्या उत्तरातून निघतात. ज्याने हा प्रश्न सोडून आधी सुंदर चिन्ह काढून घेतले, त्याच्याकडे चिन्ह राहते आणि माल पडून राहतो.

पोशाख म्हणजे ओळख, हे आम्हाला बाजाराकडून शिकण्याची गरज नाही. मनुस्मृतीने चांडाळाला प्रेतावरची वस्त्रे आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले. तीही एक छापच होती. दुरून पाहताच माणूस कोण ते कळावे यासाठी मारलेली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की अस्पृश्यतेची खूण सांगणारे ते दागिन्यांचे ओझे टाका, लुगडे पायघोळ नेसा. स्त्रियांनी तेथल्या तेथे नेसण बदलले. मनुस्मृतीच्या दहनाविषयी आपण पुष्कळ लिहिले. या नेसण बदलण्याविषयी त्या मानाने कमी. मला ती घटना तितकीच मोठी वाटते. लादलेली छाप तेथे पुसली गेली. पुसलेल्या जागी आपण स्वतः काय उमटवायचे, हा त्याच्या पुढचा प्रश्न, आणि तो अजून आपल्यासमोर आहे.

त्या प्रश्नाला एक उत्तर अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुणांनी दिले. १९७२ साली दलित पँथरने ज्यांच्या चळवळीवरून नाव घेतले, त्या समाजाचे साहित्य आपण आस्थेने वाचले. त्यांच्या दुकानदारीकडे मात्र आपले लक्ष गेले नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात हॉलिस नावाची वस्ती आहे. तेथील डेमंड जॉन या तरुणाने १९९२ साली लोकरीच्या टोप्या शिवून रस्त्यावर विकायला सुरुवात केली. पुढे तीन मित्र त्याला येऊन मिळाले. छापेचे नाव ठेवले फुबू. 'फॉर अस, बाय अस' या चार इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. आमच्यासाठी, आम्ही केलेले. मी इतक्या छापा पाहिल्या, पण गिऱ्हाईक कोण आणि करणारा कोण हे दोन्ही नावातच सांगून टाकणारी छाप दुसरी आठवत नाही.

नाव धीट होते, पण नुसत्या नावावर कपडा खपत नाही. ही मुले ज्यांच्यात वाढली त्यांना ती आतून ओळखत होती. हिपहॉप ऐकणाऱ्या पोरांना ऐसपैस, ढगळ कपडा हवा होता, तसा त्यांनी शिवला. नाचगाण्याच्या क्लबांच्या दारावर उभे राहणारे धिप्पाड पहारेकरी असत. त्यांच्या मापाचे चांगले कपडे दुकानांतून मिळत नसत. जॉनने त्यांना मोठ्या मापाचे शर्ट दिले. दर रात्री शेकडो माणसे त्या शर्टासमोरून आत जात. जाहिरातीला पैसा नव्हता, म्हणून जेमतेम दहा जर्सी गायकांना चित्रफितींपुरत्या घालायला द्यायच्या, परत आणायच्या, पुढच्याला द्यायच्या, असे दोन वर्षे चालले. पाहणाऱ्याला वाटे, सगळेच हे घालतात! जॉनच्या आईने घर गहाण टाकून एक लाख डॉलर उभे केले आणि त्याच घरात शिलाई यंत्रे बसली. १९९७ मध्ये त्याच भागातून वर आलेला गायक एल.एल. कूल जे याने गॅप या बड्या कंपनीच्या जाहिरातीत फुबूची टोपी घातली आणि गाण्यात ते चार शब्द पेरले. पैसे गॅपचे, जाहिरात फुबूची. १९९८ च्या सुमारास वर्षाची विक्री ३५ कोटी डॉलरपर्यंत गेली.

पुढची हकीकतही सांगितली पाहिजे, नाहीतर ही आरती होईल. मोठ्या मागण्या पुऱ्या करायला लागणारे भांडवल सॅमसंग या कोरियन कंपनीच्या कापड विभागाकडून आले. मग माल जास्त झाला, सवलतीच्या ढिगाऱ्यात जाऊ लागला, आणि २००३ च्या सुमारास फुबूने अमेरिकेच्या बाजारातून बरेचसे अंग काढून घेतले. 'आमच्यासाठी' हा भाग त्यांनी अखेरपर्यंत जपला. 'आम्ही केलेले' हा भाग भांडवल आणि कारखाने बाहेरचे आले तसा पातळ झाला. छाप म्हणजे मुक्ती नव्हे, एवढे त्यातून कळायला हवे.

आता आपल्याकडे पाहू. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावले जाते. ढोर समाजाने कातडे कमवायचे, चांभाराने तळ कापायचा, बायकांनी वेणी आणि शिवण करायची, अशी कामाची वाटणी चालत आली. नाव मात्र शहराचे. त्या नावात राजेपण आहे, रांगडेपण आहे, आणि करणाऱ्याची जात त्यात कुठेही नाही. गिऱ्हाईक सवर्ण असताना हे सोयीचेच होते. चप्पल पायात हवी, चांभार दारात नको. २०१९ मध्ये या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांतील कारागिरांचा तो सामाईक हक्क आहे.

तरीही जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीच्या प्रदर्शनात तशीच चप्पल झळकली आणि तिला म्हटले गेले केवळ 'चामडी सँडल'. वृत्तपत्रांतून संताप उसळला. त्या संतापात एक बारीक गोष्ट निसटली. मानांकनाचा कायदा नावाचे रक्षण करतो, आकाराचे नाही. आणि तेही भारताच्या हद्दीत. प्राडाने आकार घेतला आणि नाव टाकले. म्हणजे जे कायद्याने राखले होते त्याला हात लावला नाही, आणि जे मोकळे होते ते उचलले. टीकेनंतर कंपनीने मूळ कबूल केले. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, त्यात येथे २००० जोड करून घेऊन प्रत्येकी सुमारे ८०० युरोला विकण्याचे ठरले. कारागिराला काम मिळाले, ते चांगलेच झाले. पण गिऱ्हाईक प्राडाचे, किंमत प्राडाने ठरविलेली, आणि ८०० युरो माणूस मोजतो ते प्राडा या शब्दासाठी.

याच्या उलट टोकाला मुंबईतील सुधीर राजभर या कलावंताचा प्रयोग आहे. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि चामड्याचे काम करणाऱ्या दलित-मुस्लिम कारागिरांचे हाल झाले. राजभर यांनी अशा कारागिरांना घेऊन टाकाऊ रबरापासून पिशव्या आणि पुढे खुर्च्या केल्या, आणि छापेचे नाव ठेवले 'चमार'. शिवी म्हणून फेकला जाणारा शब्द उंची वस्तूवर! २०२४ मध्ये त्या खुर्च्या अमेरिकेतील मायामीच्या प्रदर्शनापर्यंत गेल्या. या धैर्याचा मला आदर आहे. तथापि तो शब्द विकत घेणारा बहुतेक वेळा असा असतो, ज्याला तो कधी कोणी तोंडावर मारलेला नसतो. त्याच्या खांद्यावर 'चमार' ही कला होते. नाक्यावर बसून चपला शिवणाऱ्याच्या मुलाने ती पिशवी कॉलेजात न्यावी, असे त्या छापेला म्हणता येते का? किंमत पाहता येत नाही.

मग 'आमच्यासाठी' म्हणजे कोणासाठी? सरसकट 'दलित समाज' हे उत्तर व्यासपीठावर चालते, दुकानात चालत नाही. नागपूरच्या इस्पितळातील परिचारिका, वसतिगृहात राहून इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा, तालुक्याच्या शाळेतील शिक्षिका, ही वेगवेगळी गिऱ्हाइके आहेत. त्यांचा खिसा वेगळा, कपडा घेण्याचा दिवसही वेगळा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर निळ्या टी-शर्टांचे ढीग लागतात आणि संपतात. मागणी आहे याचा याहून मोठा पुरावा कशाला हवा? पण बहुतेक टी-शर्टांवर फक्त चित्र बदललेले असते. कापड, माप, शिवण यांचा आमच्या माणसाला धरून विचार केलेला नसतो, आणि दोन धुण्यांत बाबासाहेबांचा चेहरा तडकतो, हे मला तरी बघवत नाही.

बौद्ध पद्धतीच्या लग्नाचा बस्ता घ्या. आपल्यात वधू पांढरी साडी नेसते. लग्नाचा बस्ता म्हणून पांढऱ्या साड्या दाखवा म्हटले की दुकानदार गोंधळतो, कारण त्याच्या मनात पांढरा रंग वैधव्याचा आहे. आमच्या घरच्या एका लग्नात एका दुकानदाराने आम्हाला तीन वेळा विचारले, नक्की लग्नासाठीच ना? येथे गिऱ्हाईक ठरलेले आहे, प्रसंग ठरलेला आहे, रंगाचा अर्थ ठरलेला आहे, आणि तो अर्थ जाणणारा विणकर-शिलाईवाला समाजात आहे. निळ्या काठाची, वजनाला हलकी, पुढे नोकरीवरही नेसता येईल अशी साडी. सोबत वराचा सदरा. दाम शिक्षिकेला दोन हप्त्यांत पेलेल एवढे. विक्रीला शहरातील झगमगीत दुकान नको, बुद्धविहाराच्या महिला मंडळातून ती घरोघर पोचेल.

असे काही कोणी करू पाहत असेल तर नाव आधी नोंदवून घ्यावे. व्यापारचिन्हांच्या नोंदणीत कपडे आणि पादत्राणे २५ व्या वर्गात येतात. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी ४५०० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुन्हा वाढविता येते. अर्ज एकाच्या नावावर करायचा की विणणाऱ्या-शिवणाऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या, हे मात्र पहिली साडी विकण्यापूर्वीच ठरवावे लागेल.