घरचा रक्तदाब मोजताना

दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसताच काहींचा रक्तदाब वाढतो, तर काहींचा तिथे नेमका नॉर्मल येतो. म्हणून घरची मोजणी उपयोगी पडते. पण रुग्णाला ती नीट शिकवावी लागते. नुसते मशीन घेऊन भागत नाही.

मनगटाच्या यंत्रापेक्षा दंडावर पट्टा बांधायचे डिजिटल यंत्र बरे. पट्टा दंडाच्या मापाचाच हवा. लहान पडला तर आकडा खोटाच वाढतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन यावे, पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, उघडा दंड हृदयाच्या पातळीवर. आणि बोलायचे नाही! घरात हेच सर्वांत अवघड.

सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. सात दिवसांच्या नोंदींतून पहिला दिवस वगळून सरासरी काढतात. घरी १३५/८५ किंवा जास्त सरासरी म्हणजे उच्च रक्तदाब; दवाखान्यात ही मर्यादा १४०/९० धरतात. एखाद्या आकड्यावरून गोळी स्वतःच वाढवू वा थांबवू नये. मात्र १८०/१२०च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणे, धाप किंवा बोलणे अडखळणे असेल, तर वहीत लिहीत न बसता थेट रुग्णालय गाठावे.