तुलनेची कसोटी : धार-देवासच्या संदर्भात मानसशास्त्रीय संख्याशास्त्राची ओळख

मानसशास्त्राच्या पदवी वर्गात संख्याशास्त्र हा विषय आला की बहुतेक विद्यार्थी सूत्रे पाठ करतात. मध्यमान काढता येते, प्रमाण विचलनही काढता येते; परंतु दोन गटांच्या तुलनेतून काय म्हणता येते, हे उमगत नाही. माळव्यातील देवासचे उदाहरण येथे उपयोगी पडते.

अठराव्या शतकात तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंनी तेथे सत्ता स्थापिली. त्यातून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. शहर एकच, राजे दोन, कारभारही दोन! १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या.

समजा, संस्थानी काळात एखाद्या अभ्यासकाने दोन्ही पात्यांतील २५-२५ मुलांना एकच बुद्धिमापन कसोटी दिली असती. एका गटाचे मध्यमान ५४, दुसऱ्याचे ५०, दोहोंचे प्रमाण विचलन १०. फरक ४ गुणांचा. या फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे २.८३ येते, तिने ४ ला भागले असता टी-मूल्य १.४१. ०.०५ या सार्थकता पातळीला ते सुमारे २.०१ हवे. म्हणजेच शून्य परिकल्पना फेटाळता येत नाही. (फेटाळता न येणे म्हणजे ती सिद्ध होणे नव्हे, विद्यार्थी नेमके येथेच चुकतात.) मुले १००-१०० असती, तर त्याच ४ गुणांचे टी-मूल्य २.८३ झाले असते व फरक सार्थ ठरला असता.

मग एका राजाच्या शाळा अधिक चांगल्या, असे म्हणावे काय? मुळीच नाही. मुले चिठ्ठ्या टाकून दोन पात्यांत वाटलेली नव्हती. घरचा व्यवसाय, पालकांचे शिक्षण, बोलीभाषा यांपैकी कशानेही तो फरक पडू शकतो. टी-मूल्य फरकाचे कारण सांगत नाही.

यांपैकी भाषेचा प्रश्न सर्वांत गंभीर होय. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने कसोटीची मराठी व कानडी रूपे प्रमाणित केली. त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. धार-देवासात राजघराणी मराठी, पण सभोवार माळवी, उर्दू आणि धारच्या डोंगराळ भागात भिली. भिली किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलाला मराठीतून सूचना दिल्या, तर कसोटी बुद्धीऐवजी मराठीच मोजते. महिन्याने पुन्हा दिली तरी तेवढेच गुण येतील, म्हणजे विश्वसनीयता आहे. सप्रमाणता मात्र नाही. आणि त्या आकड्यावर हुशार मूल 'मंद' ठरते.

नमुन्याचेही तसेच. २०११ च्या जनगणनेनुसार धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. केवळ धार शहरातील महाविद्यालयात प्रश्नावली वाटून 'धार जिल्ह्यातील युवक' असे शीर्षक देणे म्हणूनच अयोग्य. अशा अभ्यासात तालुकावार शाळांच्या यादीतून यादृच्छिक निवड करावी, प्रत्येक मुलाच्या घरची भाषा नोंदवावी आणि त्या भाषेतील सूचना आधी थोड्या मुलांवर तपासून घ्याव्यात.