कॉम्प्युटर घ्या, पण चावी आपल्या हाती ठेवा

भिवंडी-मालेगावच्या साध्या यंत्रमागाचा एखादा भाग मोडला, तर तो बाजारात मिळतो आणि गल्लीतला फिटर बसवून देतो. कॉम्प्युटरच्या धंद्यात यालाच ‘खुली’ पद्धत म्हणतात. जिथे सुटे भाग, दुरुस्ती आणि प्रोग्राम यांवर एकाच कंपनीचा ताबा असतो, ती ‘बंद’ पद्धत.

आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला पीसी आणला. माल लवकर बाजारात यावा म्हणून प्रोसेसर इंटेलचा घेतला, डॉस मायक्रोसॉफ्टकडून घेतले आणि मशीनची तांत्रिक माहितीही छापून दिली. हक्क राखला तो मुख्यतः बायॉस या छोट्या प्रोग्रामवर. कॉम्पॅकने तसेच काम करणारे बायॉस स्वतः नव्याने लिहिले आणि १९८३ मध्ये आपले मशीन विकायला काढले. मग अनेक कंपन्या उतरल्या, चढाओढ लागली, भाव खाली आले. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ आणून दार पुन्हा लावून पाहिले. त्यात जुनी कार्डे बसेनात. गिऱ्हाईक वळले नाही. अखेर २००५ मध्ये आयबीएमने हा धंदा लेनोवोला विकून टाकला.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ॲपलचा मॅकिन्टॉश जानेवारी १९८४ मध्ये २४९५ डॉलरला निघाला. त्यात जादा कार्ड बसवायची सोय नव्हती, पेटी उघडायलाही खास पेचकस लागे. पण माऊस आणि चित्रांमुळे तो शिकायला सोपा होता. छपाईवाल्यांनी तो उचलला. १९९५ मध्ये ॲपलने इतरांना परवाने दिले, १९९७ मध्ये ते बंद केले, तरी कंपनी बुडाली नाही. कारण बिघाड झाला की जबाबदार एकच. खुल्या पद्धतीत पार्टवाला प्रोग्रामवाल्याकडे बोट दाखवतो आणि प्रोग्रामवाला पार्टवाल्याकडे.

मग दुकानदाराला हवे काय? खुले-बंद हा वाद त्याचा नाही. त्याला काम सोपे हवे आणि हिशेब आपल्या ताब्यात हवा. आम्ही हे ठोकर खाऊन शिकलो. आमच्या पेढीची उधारी एका प्रोग्राममध्ये होती. तो बनवणाऱ्याने धंदा गुंडाळला आणि नव्या मशीनवर फाईल उघडेना. कागदी वही जपून ठेवली होती म्हणून वसुली झाली, अल्लाहचे शुक्र!

म्हणून बांधवांनो, पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. आमचा हिशेब दुसऱ्या प्रोग्राममध्ये नेता येईल का? दुरुस्ती दुसऱ्या कोणाकडून करून घेता येईल का? तुम्ही दुकान बंद केले तर आमचे काय? पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ उत्तर आले, तर मशीन कितीही देखणे असो, सौदा करू नका. उधारी लिहून ठेवण्याचा हुकूम कुरआन शरीफमध्ये आहे. पण लिहिलेले वेळेवर वाचताच आले नाही, तर त्या लिहिण्याचा उपयोग काय?