भाचीचा जादा विषय

गेल्या सुट्टीत मी ताईकडे शारजाला पंधरा दिवस राहून आले. ताईचे सासर संगमेश्वरकडचे. भावोजी वीस वर्षे तिथे मालवाहतुकीच्या एका कंपनीत हिशेब पाहतात. दारात पाऊल ठेवले तोच कळले की घरात वाद चालू आहे. भाचीने कॉलेजात मुख्य विषय घेतला आहे अकाउंटिंग. त्यावर सर्व खूश. पण आता तिला त्याच्या जोडीला 'आंतरराष्ट्रीय अभ्यास' हाही विषय हवा होता. जादा विषय म्हणजे जादा क्रेडिट, आणि जादा क्रेडिट म्हणजे जादा फी.

"त्या कागदावर नोकरी देणार कोण?" भावोजींचा एकच प्रश्न. त्यांना दोष देता येत नाही. तिथे परदेशी माणसाचा राहण्याचा परवाना बहुधा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की बाडबिस्तरा आवरण्याची चिंता लागते. असा माणूस पैसा जपूनच खर्च करणार.

मी मास्तरीण, तेव्हा न्यायनिवाडा माझ्याकडे आला. दुसऱ्याच दिवशी भाची मला युनिव्हर्सिटी सिटी दाखवायला घेऊन गेली. वाळवंटात रुंद रस्ते, झाडांच्या रांगा आणि घुमटांच्या भव्य इमारती. अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ शारजा ही तिथेच, शारजाचे शासक शेख सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी यांनी १९९७ मध्ये स्थापन केलेली. तिथे आंतरराष्ट्रीय अभ्यासाची चार वर्षांची बी. ए. पदवी आहे. ज्यांचा मुख्य विषय दुसरा असतो त्यांनी त्यातले काही ठरावीक अभ्यासक्रम पुरे केले तर तो 'मायनर' म्हणून नोंदला जातो. काही विद्यापीठे अशा छोट्या गटाला पदवीपूर्व प्रमाणपत्र म्हणतात. भारतातल्या नव्या धोरणात प्रमाणपत्राचा अर्थ निराळा आहे: पदवीच्या पहिल्या वर्षाचे ४० क्रेडिट आणि चार क्रेडिटांचा एक व्यावसायिक अभ्यासक्रम करून थांबणाऱ्याला ते मिळते. नावे वेगळी, म्हणून पालकांनी आधी विचारून घ्यावे.

"पण शिकवतात काय?" मी विचारले. राज्याराज्यांचे संबंध, आंतरराष्ट्रीय कायदा, व्यापार, इतिहास, अशी तिने यादी सांगितली. मला त्यातून फारसे उमगले नाही. मग ती म्हणाली, "मावशी, तू शाळेत चाचे शिकवतेस ना? कोणाला म्हणतेस चाचा?"

मी गप्प झाले. आमच्या मॉरिशसमध्ये रॉबेर सुरकूफ हे नाव मुलांना ठाऊक असते. १८०० साली त्याने बंगालच्या उपसागरात कंपनीचे 'केंट' जहाज पकडले. इंग्रजांच्या लेखी तो चाचा. फ्रेंचांच्या लेखी सरकारी परवान्याने लढणारा वीर. वर्गात मी त्याची गोष्ट रंगवून सांगते, आणि सांगताना बेट कोणाच्या बाजूने होते हे मुलांना विचारत नाही.

आता शारजाची गोष्ट ऐका. हे कासिमी घराणे समुद्रावरचे. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना चाचे ठरवले आणि १८०९ व १८१९ अशा दोन मोहिमा मुंबईहून रास अल खैमावर पाठवल्या. १८२० मध्ये तह झाला आणि त्या किनाऱ्यावर इंग्रजांचा वचक बसला. दीडशे वर्षांनी त्याच घराण्यातले शेख सुलतान १९७२ साली शासक झाले. राज्य चालवीत असतानाच त्यांनी इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात इतिहासाचा प्रबंध लिहिला व १९८५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढच्या वर्षी त्याचे पुस्तक झाले. त्यांचे म्हणणे असे की चाचेगिरीचा आरोप ही सबब होती, कंपनीला आखाताचा व्यापार हवा होता. आणि हे त्यांनी कशावरून मांडले? मुंबईच्या दप्तरखान्यातील कंपनीच्याच कागदांवरून! काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचे पुराभिलेखागार आहे, तिथे मुंबई सरकारची जुनी दप्तरे ठेवलेली आहेत.

भाचीने लगेच मला सावध केले. स्वतःच्या घराण्याविषयी लिहिणारा शासकही एक पक्षकारच असतो. १९९७ मध्ये चार्ल्स डेव्हिस यांनी याच विषयावर ग्रंथ लिहून पुन्हा सगळे पुरावे तपासले. "आम्हाला दोन्ही वाचून निबंध लिहायचाय," ती म्हणाली.

संध्याकाळी चहा घेताना हे मी भावोजींना सांगितले. ते कोकणचे, एकदम म्हणाले, "मग आमचे आंग्रे काय वेगळे? त्यांनाही साहेब चाचाच म्हणायचा!" खरेच आहे. पोर्तुगीज आपल्या परवान्याशिवाय कोणाचे गलबत समुद्रात जाऊ देत नसत, आणि ते राज्य म्हणवत. कान्होजी आंग्रे यांनी आपल्या किनाऱ्यावर आपले दस्तक मागितले तर ते चाचे झाले! कान्होजी १७२९ साली वारले. १७५६ मध्ये तुळाजी आंग्रे यांचा विजयदुर्ग पडला, तो इंग्रजांच्या तोफांनी आणि (हे लिहिताना जीव खालीवर होतो) पेशव्यांच्या संमतीने. भावोजी त्या रात्री अकरापर्यंत आरमारावर बोलत होते. फीचा शब्द निघाला नाही.

तरी सकाळी त्यांनी हिशेबी प्रश्न काढलाच. त्यावर भाचीचे उत्तर मला पटले. जहाजाचा माल एका देशातून निघतो, दुसऱ्याचा झेंडा लावतो, तिसऱ्याच्या बंदरात अडतो. नुसते जमाखर्च जाणणाऱ्याला तो का अडला हे कळत नाही. "बाबा, तुमच्याच ऑफिसात रोज हेच होतं ना?" भावोजी हसले. नोकरीची हमी या कागदाने मिळते असे मी म्हणणार नाही. अकाउंटिंग सोडून तिने हे घेतले असते तर मी भावोजींच्या बाजूने बोलले असते.

आपल्या चागोसचा प्रश्नही तिनेच मला नीट समजावला. २५ फेब्रुवारी २०१९ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिले ते 'सल्लागार मत' होते, हुकूम नव्हे. तरीही मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ विरुद्ध ६ मते पडली, आणि २२ मे २०२५ रोजी ब्रिटनने मॉरिशसशी करारावर सही केली. रेडिओवर मी हे सर्व ऐकले होते. पण मत आणि हुकूम यांतला फरक कोणी विचारला असता तर माझी पंचाईत झाली असती.

निघण्याच्या आदल्या दिवशी भावोजींनी फीचे पैसे भरले. विमानतळावर भाचीने एक काम सांगितले. तिच्या निबंधाला आपल्या पणजोबांच्या आगमनाचा कागद हवा होता. परत आल्यावर मी मोक्याला महात्मा गांधी संस्थेत गेले. गिरमिटियांच्या नोंदवह्या तिथे आहेत. उतारा मिळाला. क्रमांक, वय, जहाज, बंदर मुंबई, जिल्हा रत्नागिरी. त्याचा फोटो तिला पाठवला.

तासाभराने फोन आला. "मावशी, गावाचं नाव साहेबानं काय लिहिलंय? बाबा भिंग घेऊन बसलेत. म्हणतात संगमेश्वरच्या आसपासचंच असणार."