गाडीतली वितळतार

वितळतारेचा पाठ शिकवताना पूर्वी एक सोय होती. वर्गाबाहेरच्या स्विचबोर्डावरचा चिनी मातीचा फ्यूज ओढून काढायचा, त्यावर बांधलेली बारीक तार मुलांना दाखवायची, की निम्मा पाठ झाला. आता बहुतेक घरांत आणि शाळांत त्या जागी खटका पडणारे एमसीबी आले आहेत. ‘फ्यूज बांधणे’ म्हणजे काय, हे आजच्या पुष्कळ मुलांनी पाहिलेलेच नसते. मात्र वितळतारांची एक अख्खी रांग रोज शाळेच्या आवारात येऊन उभी राहते. मुलांना आणणाऱ्या जीपमध्ये, गुरुजींच्या मोटारीत, स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला किंवा बॉनेटखाली एक प्लॅस्टिकचे झाकण असते. ते उघडले की नखाएवढे लाल, निळे, पिवळे तुकडे ओळीने बसवलेले दिसतात. तेच गाडीचे फ्यूज.

ही रांग मुलांना दाखवावी याला आणखीही एक कारण आहे. फ्यूज उडाला आणि जवळ दुसरा नसला, की त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची किंवा त्या जागी तारेचा तुकडा अडकवायचा, हा उपाय आपल्याकडे सर्रास चालतो. दिवे लागतात, गाडी चालू होते आणि गोष्ट विसरली जाते. या उपायाने नेमके काय होते हे दहावीच्या विद्यार्थ्याला कागदावर आकडेमोड करून काढता येते. आपण तेच करून पाहू.

बॅटरीपासून सुरुवात करू. नांदेडजवळचा गोदावरीवरचा विष्णुपुरी प्रकल्प आपल्या भागातल्या मुलांच्या ओळखीचा आहे. हा उपसा सिंचनाचा प्रकल्प. नदीचे पाणी पंपांनी वर उचलायचे आणि तिथून ते कालव्यात सोडायचे. पुढे ते उताराने आपले आपण वाहते. पंप पाणी निर्माण करत नाही, तो पाण्याला फक्त उंची देतो. बॅटरीही विद्युतप्रभार निर्माण करत नाही, ती त्याला ‘उंची’ देते. या उंचीलाच आपण विभवांतर म्हणतो आणि मोटारीच्या बॅटरीत ते सुमारे १२ व्होल्ट असते. पण ही उपमा एका ठिकाणी अडते, आणि ते ठिकाण मुलांना जरूर दाखवावे. शेतात गेलेले पाणी पंपाकडे परत यावे लागत नाही. विद्युतप्रवाहाला मात्र बॅटरीकडे परत यावेच लागते. परतीची वाट तुटली की जाणेही थांबते.

ही परतीची वाट मोटारीत कुठे असते? मुलांना दिव्यापर्यंत गेलेली एकच तार दिसते आणि ती गोंधळतात. उत्तर असे, की मोटारीचा लोखंडी सांगाडाच परतीची तार म्हणून वापरलेला असतो. बॅटरीचे ऋण टोक जाड केबलने सांगाड्याला जोडतात आणि प्रत्येक दिव्याचे दुसरे टोक जवळच्या पत्र्याला. गॅरेजमध्ये याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. घरातल्या भूसंपर्कनाशी याचा संबंध नाही. गाडी तर रबरी टायरांवर उभी असते. नाव सारखे असल्याने होणारा हा घोटाळा परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही डोकावतो.

या युक्तीने तांब्याची बरीच बचत होते, पण एक धोकाही येतो. गाडीच्या कुठल्याही कोपऱ्यात एखाद्या तारेचे आवरण घासून गेले आणि उघडे तांबे पत्र्याला टेकले, की परिपथ तिथल्या तिथे पूर्ण होतो. दिव्याचा रोध मध्ये उरत नाही. हेच लघुपथन किंवा शॉर्ट सर्किट.

आता बारा व्होल्टविषयीचा एक गैरसमज पाहू. बारा व्होल्टचा कोरड्या हाताला शॉक बसत नाही, म्हणून गाडीचे वायरिंग घरापेक्षा निरुपद्रवी, असे लोकांना वाटते. शॉकपुरते ते खरे आहे. आगीच्या बाबतीत मात्र तसे नाही. घरातला ६० वॉटचा दिवा २३० व्होल्टवर पाव अँपिअरहून थोडाच जास्त प्रवाह घेतो. तेवढ्याच ६० वॉटचा गाडीचा हेडलाइट १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो, म्हणजे सुमारे १९ पट. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तेव्हा एकाच जाडीच्या तारेतून हे दोन दिवे लावले, तर गाडीच्या तारेत सुमारे साडेतीनशे पट उष्णता निर्माण होईल. गाडीतल्या तारा शक्तीच्या मानाने जाड का असतात, हे यावरून लक्षात येते.

आणि लघुपथन झाले तर? एक चौरस मिलिमीटर छेदाची, पाच मीटर लांबीची तांब्याची तार घेऊ. तांब्याची रोधकता १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर धरली, तर या तारेचा रोध सुमारे ०.०८५ ओहम येतो. बॅटरीचा अंतर्गत रोध आणि जोडण्यांचा रोध मिळवून एकूण ०.१ ओहम धरू. ओहमच्या नियमाप्रमाणे प्रवाह १२ भागिले ०.१, म्हणजे १२० अँपिअर! बॅटरी एवढा प्रवाह देऊ शकते का, अशी शंका येईल. सेल्फ मारताना स्टार्टरला शंभर-दोनशे अँपिअर लागतात आणि बॅटरी ते रोज पुरवते. तेव्हा देऊ शकते.

आता उष्णता काढू. १२० चा वर्ग गुणिले ०.०८५, म्हणजे साधारण १२०० वॉट. हजार-बाराशे वॉटची इस्त्री त्या बारीक तारेत कोंबली असे समजा. तारेतले तांबे भरते सुमारे ४५ ग्रॅम. तांब्याची विशिष्ट उष्णता दर ग्रॅमला ०.३८५ ज्यूल घेतली, तर या तारेचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे १७ ज्यूल पुरतात. आणि इथे दर सेकंदाला १२०० ज्यूल ओतले जात आहेत. म्हणजे दर सेकंदाला ७० अंशांची वाढ. तार तापली की तिचा रोध वाढतो, थोडी उष्णता बाहेरही जाते, म्हणून प्रत्यक्ष वाढ काहीशी कमी होईल. पण दोन-तीन सेकंदांत पीव्हीसीचे आवरण मऊ होऊन वितळू लागते हे नक्की. ही तार एकटी नसते. दहा-वीस तारांच्या जुडग्यात ती बांधलेली असते. तिचे आवरण गेले की शेजारणीचे जाते, मग त्या दोघी एकमेकींना चिकटतात. पुढचे सांगायला नको.

या दोन-तीन सेकंदांच्या आत परिपथ तोडणे हे फ्यूजचे काम. त्यामुळे फ्यूज दिव्याचे रक्षण करतो हे म्हणणे अर्धवट आहे. दिवा तर बहुधा आधीच बिघडलेला असतो किंवा परिपथाच्या बाहेर पडलेला असतो. फ्यूज रक्षण करतो ते तारेचे. म्हणून फ्यूजचा आकडा तारेच्या जाडीवरून ठरतो, आपल्याला किती दिवे लावायचे आहेत यावरून नव्हे.

हल्लीचे पात्याचे फ्यूज १९७६ साली लिटलफ्यूज या अमेरिकन कंपनीने बाजारात आणले. त्याआधी काचेच्या नळीचे फ्यूज होते आणि युरोपीय धाटणीच्या गाड्यांत चिनी मातीचे लांबट फ्यूज. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत हेच चिनी मातीचे फ्यूज होते. त्यांची वितळणारी पट्टी बाहेरून उघडी असे आणि टोके स्प्रिंगच्या पत्र्यांत धरलेली असत. पत्रे गंजले की दिवा बंद पडे आणि फ्यूज बोटाने जरा फिरवला की पुन्हा लागे. पात्याच्या फ्यूजमध्ये ही कटकट बरीच कमी झाली. शिवाय रंगाचा संकेत आला: फिकट तपकिरी ५ अँपिअर, गडद तपकिरी साडेसात, लाल १०, निळा १५, पिवळा २०, पांढरा-पारदर्शक २५ आणि हिरवा ३०. वाचता न येणाऱ्यालाही ‘लालच्या जागी लाल’ हे पाळता येते.

फ्यूजवरचा आकडा म्हणजे त्या क्षणी तुटण्याची मर्यादा नव्हे. १० अँपिअरचा फ्यूज ११ अँपिअर तासन्‌तास सोसतो. प्रवाह दुप्पट झाला, तर साधारण पाच सेकंदांच्या आत तुटतो. सहापट झाला, तर सेकंदाच्या दहाव्या भागातच. हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे, कारण मोटर सुरू होताना किंवा थंड दिवा लागताना क्षणभर जादा प्रवाह लागतोच.

आता चांदी गुंडाळलेल्या फ्यूजकडे वळू. चार पदरी चांदी किती अँपिअरला वितळेल हे कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित ४०, कदाचित १००. तोवर परिपथातला सगळ्यात दुबळा भाग चांदी नसून तारच झालेली असते. दुसऱ्या शब्दांत, आपण वितळतार काढलेली नाही. ती झाकणाखालून उचलून सीटखाली, गालिच्याखाली, मुलांच्या दप्तरांखाली नेऊन ठेवली आहे. जवळ फ्यूज नसेलच, तर रेडिओचा किंवा सिगारेट लायटरचा फ्यूज काढून हेडलाइटला लावावा. मात्र त्याचा आकडा तितकाच किंवा कमी हवा.

हेडलाइटचेच एक उदाहरण. कंपनीचे ६० वॉटचे दोन दिवे मिळून १० अँपिअर घेतात. त्या जागी १०० वॉटचे दोन बसवले, की प्रवाह जवळजवळ १७ अँपिअर होतो आणि त्याच तारांत पावणेतीन पट उष्णता. मग फ्यूज उडतो, मग मोठा फ्यूज बसतो. आगीकडे जाणारी वाट बहुधा अशी सावकाशीची असते. एका दिव्यात ती दिसत नाही; हॉर्न, जादा दिवे, संगीत असे एकेक वाढत जाते. कारखान्यातून निघालेल्या गाडीचीही याबाबत फेरतपासणी करावी लागू शकते. २०१० साली टाटांच्या नॅनो गाडीला आग लागण्याचे काही प्रकार घडले. त्यानंतर कंपनीने आधीच विकलेल्या गाड्यांच्याही विद्युत यंत्रणेला आणि धूर बाहेर टाकणाऱ्या भागाला जादा संरक्षण बसवून देण्याचे त्याच वर्षी जाहीर केले होते.

फ्यूज उडाला तर तो कधी उडाला हे आधी आठवावे. नवा बसवताच पुन्हा उडाला, तर कुठेतरी तार पत्र्याला कायमची टेकली आहे. एखादा ठराविक खटका दाबल्यावरच उडतो, तर दोष त्या फांदीत. खड्ड्यात गाडी आदळल्यावर अधूनमधून उडत असेल, तर दाराच्या बिजागरीपाशी किंवा पत्र्यातल्या भोकाच्या कडेशी तार घासली असण्याचा संभव आहे. आणि ऊसपट्ट्यातल्या गाडीमालकांना उंदीर विसरून चालणार नाही. गाडी चार दिवस उभी असली, तर बॉनेट उघडून कुरतडल्याच्या खुणा पाहाव्यात.

प्रत्येक बिघाडात फ्यूज उडतोच असे नाही. बॉडी अर्थ गंजल्यावर जे घडते ते वर्गात सांगण्याजोगे आहे. मागच्या एका बाजूचे सगळे दिवे एकाच जागी पत्र्याला जोडलेले असतात. ती जोडणी गंजून सुटली असे समजा. आता इंडिकेटर दिला, तर तो नीट पेटत नाही आणि भलताच टेललाइट मिचकावू लागतो! प्रवाहाला पत्र्याकडे जायची वाट मिळत नाही, म्हणून तो सामाईक टोकावरून टेललाइटच्या तंतूत उलटा शिरतो, तिथून टेललाइटच्या तारेने दुसऱ्या बाजूच्या दिव्यांकडे जातो आणि त्यांच्या चांगल्या अर्थमधून परततो. इंडिकेटर २१ वॉटचा आणि टेललाइट ५ वॉटचा, दोघे एकसरीत आले. ५ वॉटच्या दिव्याचा तापलेला असतानाचा रोध दुसऱ्याच्या सुमारे चौपट, म्हणून बहुतेक विभवांतर त्याच्या वाट्याला येते आणि तोच पेटतो. नवा दिवा आणून बसवला तरी गुण येत नाही. जोडणीचा स्क्रू काढून गंज पॉलिशपेपरने घासला, की काम होते.

वर्गातला प्रयोग मात्र गाडीच्या बॅटरीवर कधीही करू नये. टॉर्चचा एक सेल पुरे. चॉकलेटच्या किंवा च्युइंगगमच्या वेष्टनाची कागद चिकटलेली चांदी घ्या, तिची बोटभर पट्टी कापा आणि मध्यावर ती दोन मिलिमीटरपेक्षाही अरुंद करा. फरशीच्या तुकड्यावर धरून पट्टीची टोके चिमट्यांनी सेलच्या दोन टोकांना टेकवा. अरुंद जागी चांदी तापते आणि कागद भुर्रकन पेटतो, तोही अवघ्या दीड व्होल्टवर. जवळ पाणी ठेवा आणि प्रयोग शिक्षकांनीच करा. फ्यूजला गुंडाळलेली चांदी हीच असते हे मग मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

देखभालीत फारसे अवघड काही नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-निळसर थर जमतो. तो खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवावा, कोरडे करावे आणि पेट्रोलियम जेली लावावी. हातातली अंगठी आधी काढावी. बॅटरी सोडवताना ऋण टोक आधी सोडवतात. याचे कारण मुलांना शोधू द्यावे: धन टोक आधी सोडवताना पाना पत्र्याला टेकला, तर वर काढलेले लघुपथन पान्यातूनच होते. मराठवाड्याचा उन्हाळा बॅटरीला पावसाळ्यापेक्षा अधिक जाचतो, कारण तापमानाबरोबर आतल्या रासायनिक क्रिया वेगाने होतात आणि पाणीही उडते. पाणी भरायच्या बॅटरीत ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. बोअरचे पाणी नको, त्यातले क्षार पत्र्यांना बाधतात. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. चालू इंजिनातही १२.५ च दिसले, तर अल्टरनेटर तपासून घ्यावा.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी आणि हेच फ्यूज असतात. त्यांच्या बाबतीत वर सांगितलेले सगळे लागू आहे. पण नारिंगी आवरणाच्या जाड केबल दिसल्या, तर त्यांना हात लावू नये. तिथे शेकडो व्होल्ट असतात आणि ते काम प्रशिक्षित माणसाचेच.

शेवटी सुट्टीतले एक गणित. बंद गाडीतही घड्याळ आणि संगणकीय भाग मिळून थोडा प्रवाह घेतात. तो ५० मिलिअँपिअर धरू. दिवसाला १.२ अँपिअर-तास झाले. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असेल, तर दोन आठवड्यांत जवळजवळ निम्मी उतरते आणि महिन्याभरात रिकामी होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेची जीप दीड महिना उभी राहणार असेल, तर ऋण टोकाची केबल सोडवून ठेवावी किंवा दर आठवड्याला गाडी अर्धा तास फिरवून आणावी. ज्या गाडीत केबल सोडवल्यावर रेडिओ सांकेतिक आकडा मागतो, तिथे तो आकडा आधी लिहून ठेवावा.